विमान किती लांब आहे? रडारला विचारा!

रविवारी ट्रेकला भाचीने दरीपलीकडच्या कड्याकडे तोंड करून हाक मारली. प्रतिध्वनी आला तशी म्हणाली, "मामा, यावरून कडा किती लांब ते कळेल?"

कळेल की! रडार हेच तर करतं, फक्त हाक रेडिओ लहरींची असते.

अँटेनातून एक छोटा स्पंद सुटतो, विमानावर आपटतो आणि त्यातला अगदी क्षीण अंश परत येतो. लहरींचा वेग सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर. वेळ जाण्यायेण्याचा, म्हणून निम्मा धरायचा. 1 मायक्रोसेकंद म्हणजे 150 मीटर, 1 मिलिसेकंद म्हणजे 150 किलोमीटर.

गंमत पुढे आहे. हे अंतर नकाशावरचं नसतं, थेट नजरेच्या रेषेतलं, तिरकं असतं. विमान जमिनीवरून मोजल्यास 24 किलोमीटर दूर आणि 10 किलोमीटर उंच असेल, तर रडार 26 सांगेल. शाळेतला पायथागोरस!

आणखी एक अडचण. सेकंदाला 1000 स्पंद सोडले, तर 150 किलोमीटरपलीकडचा प्रतिध्वनी पुढचा स्पंद सुटल्यावर पोचतो. मग तो नेमका कुठल्या स्पंदाचा? म्हणून लांबचं पाहणारी रडारं दोन स्पंदांत जास्त वेळ सोडतात, किंवा स्पंदांमधलं अंतर बदलत राहतात.