चेंडू एक, पोरं दहा

संध्याकाळी पारावर बसले की पोरं रिकामी हिंडताना दिसतात. कुणी गुटख्याची पुडी फोडतो, कुणी मोबाइलमध्ये डोके घालतो. आपण म्हणतो, "पोरं बिघडली." पण त्यांना खेळायला जागा आपण किती दिली? आम्ही हेडमास्तर होतो, तेव्हा शाळा सुटली की फाटकाला कुलूप लावून किल्ली खिशात टाकीत असू. खिडकीची काच फुटू नये, एवढीच काळजी. ती आमची चूक होती. म्हणून आज फुटबॉलविषयी चार गोष्टी सांगतो.

फुटबॉल म्हणजे पायाने चेंडू खेळण्याचा खेळ. पुऱ्या सामन्यात दोन्हीकडे ११-११ गडी असतात. ४५ मिनिटांचे दोन डाव होतात. खेळ चालू असता चेंडूला हात फक्त गोलरक्षकाने लावायचा. दोन खांबांच्या मधून चेंडू पुरता रेषेपार गेला की गोल झाला.

कुणी म्हणेल, "गुरुजी, आमच्याकडे मैदान कुठलं अन् बूट कुठले?" त्यांना नागपूरची हकीकत सांगतो. तिथे हिस्लॉप महाविद्यालयात विजय बारसे नावाचे खेळाचे शिक्षक होते. २००१ साली, पावसाच्या दिवसांत, झोपडपट्टीतली पोरं फुटकी बादली लाथाडत खेळताना त्यांनी पाहिली. सरांनी त्यांना चेंडू दिला. पुढे त्यांच्या स्पर्धा भरवल्या. त्यांतली काही मुले बेघरांच्या विश्वचषकासाठी परदेशी जाऊन आली. याच कामावरून आपल्या करमाळा तालुक्यातल्या जेऊरचे नागराज मंजुळे यांनी २०२२ साली 'झुंड' चित्रपट काढला.

तेव्हा आपणही थोडक्यात सुरू करावे. वर्गणी काढून एक चेंडू घ्यावा. मोठ्यांसाठी ५ नंबरचा, बारा वर्षांच्या आतल्या पोरांसाठी ४ नंबरचा. दहा पोरं जमली की पाच-पाचचे दोन गट करावेत. दोन दगड ठेवले की गोलाची जागा झाली. पहिले काही दिवस दोनच गोष्टी शिकाव्यात: पायाच्या आतल्या बाजूने चेंडू जोडीदाराकडे देणे आणि आलेला चेंडू पायाखाली थांबवणे. जोडीदार नसेल तर भिंतीवर मारावा. उजवा पाय झाला की डावा. चेंडूला मारायचे, गड्याच्या नडगीला नाही, हे पहिल्याच दिवशी बजावावे.

जागा निवडताना मात्र ध्यान द्या. काळ्या रानाला उन्हाळ्यात भेगा पडतात. भेगेत पाय गेला की घोटा मुरगळतो. ज्वारी काढलेल्या रानात धसकटं टोचतात. त्यापेक्षा मुरमाड माळ बरा. बाभळीचे काटे, काचा आणि दगड आधी वेचून घ्यावेत. सोलापूरचे ऊन तुम्हांला ठाऊकच आहे. चैत्र-वैशाखात सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावरच खेळावे. जवळ पाण्याची कळशी असावी.

आणि मुलींना घरी बसवू नका. सुब्रोतो चषक ही शाळांची देशभरची स्पर्धा १९६० साली सुरू झाली. तीत आता मुलींचाही गट असतो. पोरं तयार झाली की शाळेतल्या गुरुजींना किंवा बाईंना भेटावे. शालेय स्पर्धांत संघ कसा पाठवायचा, हे जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कचेरीत विचारावे.

एवढे सगळे झाले तरी एक गोष्ट लागतेच. रोज तासभर तिथे उभा राहणारा एक मोठा माणूस. त्याला खेळ आला नाही तरी चालेल. भांडण सोडवावे, धाकट्यालाही चेंडू मिळतो का पाहावे, दिवे लागले की सगळ्यांना घरी धाडावे. तुमच्या गावात तो माणूस कोण, हे आजच पारावर ठरवा. आणि शाळेच्या फाटकाला कुलूप असेल, तर चारजण मिळून जा आणि किल्ली मागा.