माउंटन बाइक मॅरेथॉन : सायकल हलकी कुठे असावी, भक्कम कुठे?

नवी दिल्ली : डोंगरातील लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीची, म्हणजेच माउंटन बाइक मॅरेथॉनची, तयारी करणारा स्पर्धक आता सराव आणि आहाराबरोबरच सायकलच्या प्रत्येक सुट्या भागाच्या वजनाचाही हिशेब ठेवू लागला आहे. कार्बनचे हँडल घेतले की शंभर ग्रॅम कमी, पातळ भिंतीचे टायर घेतले की आणखी दोनशे. या वजाबाकीवर अनेक हौशी सायकलपटू वर्षभराची बचत खर्च करतात. मात्र अशा शर्यती अर्धवट सोडाव्या लागतात त्या बहुधा सायकल जड होती म्हणून नव्हे, तर फाटलेला टायर, तुटलेली चेन किंवा वाकलेला गिअर यांमुळे. त्यामुळे सुटे भाग निवडताना 'किती हलके' या प्रश्नाआधी 'मोडले तर काय' हा प्रश्न विचारणे आवश्यक ठरते.

शर्यतीचे स्वरूप

आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाच्या, म्हणजे यूसीआयच्या, नियमांनुसार मॅरेथॉन प्रकारातील शर्यत ६० ते १६० किलोमीटरची असते. या प्रकाराची पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा २००३ मध्ये स्वित्झर्लंडमधील लुगानो येथे झाली. दक्षिण आफ्रिकेतील 'केप एपिक' ही २००४ पासून होणारी शर्यत आठ दिवस चालते. तीत दोघांचा संघ असतो आणि दोघांनीही एकमेकांपासून दोन मिनिटांच्या अंतरात राहावे लागते. त्यामुळे एकाची सायकल बिघडली, तर थांबावे दोघांनाही लागते. भारतात हिमाचल प्रदेशातील 'एमटीबी हिमालय' ही अशीच अनेक दिवस चालणारी शर्यत आहे.

या शर्यतींमध्ये ठरवून दिलेली मदत केंद्रे वगळता बाहेरून दुरुस्तीची मदत घेता येत नाही. रस्त्यावरील सायकल शर्यतीत मागून येणाऱ्या मोटारीत नवे चाक तयार असते. डोंगरात मात्र स्पर्धकाच्या खिशात असेल तेवढेच त्याचे दुकान. दोन केंद्रांमध्ये वीस-पंचवीस किलोमीटरचे अंतर असेल आणि मधोमध काही मोडले, तर पुढचा निर्णय त्या खिशावर अवलंबून असतो.

वजनाचा खरा हिशेब

वजन कमी केल्याचा लाभ नेमका किती, हे शालेय भौतिकशास्त्राने काढता येते. समजा, स्पर्धक ६८ किलोचा आहे, सायकल ११ किलोची आहे आणि पाणी, अवजारे, कपडे मिळून आणखी ५ किलो आहेत. एकूण वजन ८४ किलो झाले. एवढे वजन २,००० मीटर उंच न्यायला सुमारे १६.५ लाख ज्यूल ऊर्जा लागते. सरासरी २०० वॅट शक्तीने पायडल मारणाऱ्याला त्यासाठी जवळपास दोन तास सतरा मिनिटे लागतील. आता सायकलमधून पूर्ण एक किलो कमी केले, तर वाचतात साधारण ९८ सेकंद.

म्हणजेच दोन हजार मीटर चढाईमागे दर शंभर ग्रॅमला सुमारे दहा सेकंद. हा आकडा लक्षात ठेवला की बाजारातील बहुतेक प्रश्न सोपे होतात. डोंगरात टायर उघडून ट्यूब बसवायला सरावलेल्या हातालाही पाच ते दहा मिनिटे लागतात. एक किलो वजन घटवून मिळवलेला लाभ अशा एका पंक्चरमध्ये तीन ते सहा पटीने निघून जातो.

चाकाचे वजन इतर वजनाच्या दुप्पट भारी पडते, असा एक समज सायकलपटूंमध्ये रूढ आहे. तो अर्धाच खरा आहे. रिम आणि टायरचे वजन वेग वाढवताना जवळपास दुप्पट जाणवते, कारण ते पुढे ढकलावेही लागते आणि फिरवावेही लागते. परंतु एकसारख्या गतीने चढ चढताना रिमवरील शंभर ग्रॅम आणि सीटखालील शंभर ग्रॅम यांत फरक उरत नाही. मॅरेथॉनचा बराचसा वेळ अशाच संथ, दीर्घ चढावर जातो.

टायर : इथे काटकसर नको

शर्यतीचे भवितव्य सर्वाधिक वेळा ठरवणारा भाग टायर आहे. त्यामुळे ट्यूब नसलेली, म्हणजे ट्यूबलेस, रचना आज या शर्यतींत सर्वमान्य झाली आहे. टायरमध्ये लॅटेक्सयुक्त द्रव भरलेला असतो. काटा घुसला की तो द्रव छिद्रात जाऊन गोठतो आणि हवा थांबते. दख्खनच्या पठारावर बाभळीच्या काट्यांतून सायकल नेणाऱ्याला याचे मोल वेगळे सांगायला नको. एकोणतीस इंची चाकाच्या नेहमीच्या ट्यूबचे वजन सुमारे २०० ग्रॅम असते, तर तिच्याऐवजी भरला जाणारा द्रव शंभर मिलिलिटरच्या आसपास असतो. म्हणजे येथे भरवसा वाढतो आणि वजनही घटते. मात्र हा द्रव काही महिन्यांत सुकतो, उष्ण प्रदेशात त्याहूनही लवकर. शर्यतीपूर्वी तो तपासून पुन्हा भरणे अनिवार्य आहे.

हा द्रव काट्याचे छिद्र बुजवतो, परंतु धारदार दगडाने टायरची बाजूची भिंत चिरली तर त्याचा उपयोग होत नाही. जाड भिंतीच्या टायरमुळे जोडीमागे दोनशे ग्रॅमच्या आसपास वजन वाढते. वरच्या हिशेबाने ही किंमत वीस सेकंदांची आहे. खडकाळ मार्गावर ती मोजण्यासारखीच आहे. सव्वादोन ते २.४ इंच रुंदीचे टायर कमी हवेवरही चालतात. त्यामुळे पकड वाढते, हादरे कमी होतात आणि पाच-सहा तासांनंतर पाठ कमी दुखते.

चाके आणि बेअरिंग

चाकात स्पोकची संख्या कमी करून वजन घटवता येते. परंतु वीस-चोवीस स्पोकच्या चाकातील एक स्पोक तुटला तर चाक इतके वाकडे होऊ शकते की टायर फ्रेमला घासू लागतो. अठ्ठावीस स्पोकचे चाक एक स्पोक गमावूनही बहुधा शेवटपर्यंत नेते. स्पोक आणि रिम यांना जोडणारी निपल पितळेऐवजी ॲल्युमिनियमची घेतली, तर ५६ निपलांमागे चाळीस ग्रॅमच्या आसपास वजन वाचते. पण ॲल्युमिनियमची निपल ओल आणि खाऱ्या हवेत गंजून फुटते. चार सेकंदांसाठी हा धोका पत्करावा का, हे ज्याचे त्याने ठरवावे. किनारपट्टीवर राहणाऱ्याने तरी तो पत्करू नये.

हब घेताना त्यातील बेअरिंगचा क्रमांक पाहावा. ६९०२ सारखे क्रमांक प्रमाणित मापाचे असतात आणि असे बेअरिंग सायकलच्या दुकानाबाहेरही, यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्याकडे मिळू शकते. केवळ एकाच कंपनीकडून येणारे खास मापाचे बेअरिंग थोडे हलके असले, तरी ते आयात होऊन येईपर्यंत हंगाम निघून जातो. स्पोकबाबतही हेच. टोकाशी वाकवलेला साधा स्पोक सहज मिळतो आणि चाकाचा आउट काढणारा कोणताही जाणकार मिस्त्री तो बसवू शकतो.

गिअर, चेन आणि एक छोटा तुकडा

मॅरेथॉनच्या सायकलला आज पुढे एक आणि मागे बारा चक्रांची रचना प्रचलित आहे. मागचे सर्वात मोठे चक्र ५१ किंवा ५२ दात्यांचे असल्याने तीव्र चढही बसून चढता येतो. या चक्रांच्या संचात, म्हणजे कॅसेटमध्ये, वजन आणि टिकाऊपणाचा व्यवहार स्पष्ट दिसतो. जपानच्या शिमानो कंपनीची १०-५१ दात्यांची 'एक्सटी' कॅसेट सुमारे ४७० ग्रॅमची, तर सर्वोच्च श्रेणीतील 'एक्सटीआर' सुमारे ३७० ग्रॅमची आहे. शंभर ग्रॅमच्या फरकासाठी किंमत मात्र दुपटीच्या घरात जाते. हलक्या कॅसेटमध्ये टायटॅनियम व ॲल्युमिनियम अधिक असते आणि ॲल्युमिनियमचे दाते पोलादापेक्षा लवकर झिजतात. या दोन्ही श्रेणींच्या कॅसेट एकमेकींच्या जागी चालतात. त्यामुळे सराव जड कॅसेटवर करून हलकी शर्यतीसाठी राखून ठेवता येते.

चेन झिजते तशी लांबते आणि महागड्या कॅसेटचे दाते खाऊ लागते. बारा चक्रांच्या रचनेत अर्धा टक्का लांबी वाढताच चेन बदलणे हितावह मानले जाते. हे मोजण्याचे साधे माप स्वस्तात मिळते.

मागचा गिअर बदलणारा डिरेल्युअर ज्या छोट्या ॲल्युमिनियमच्या तुकड्यावर टांगलेला असतो त्याला हँगर म्हणतात. दगड लागला किंवा सायकल उजव्या बाजूवर पडली, की फ्रेम वाचावी म्हणून तो आधी वाकतो किंवा मोडतो. पूर्वी जवळपास प्रत्येक फ्रेमचा हँगर वेगळा असे. अमेरिकेतील स्रॅम कंपनीने २०१९ मध्ये एकाच मापाचा हँगर आणला आणि आता अनेक कंपन्यांच्या फ्रेम त्याच मापाच्या असतात. फ्रेम घेताना ती हा हँगर स्वीकारते का, हे पाहणे तिच्या वजनातील पन्नास ग्रॅमपेक्षा महत्त्वाचे आहे. खिशात ठेवलेल्या सुट्या हँगरचे वजन फार तर काही दहा ग्रॅम असते. तो नसेल तर मात्र सायकल खांद्यावर घेऊन चालण्याची वेळ येऊ शकते.

जिथे तडजोड नाही

हँडल, स्टेम, सीटपोस्ट, फोर्क आणि ब्रेक यांपैकी काहीही मोडले, तर शर्यतीपेक्षा स्पर्धकाच्या जिवाचा प्रश्न उभा राहतो. वर गृहीत धरलेले ८४ किलो वजन एक हजार मीटर खाली उतरताना सुमारे आठ लाख ज्यूल ऊर्जा मुक्त करते. ही ऊर्जा साधारण अडीच लिटर पाणी उकळीला आणण्याइतकी आहे. तिचा काही भाग हवा आणि टायर घेतात, पण तीव्र उतारावर बराचसा भाग ब्रेकच्या पातळ डिस्कवर उष्णता होऊन येतो. लहान डिस्क लवकर तापते आणि ब्रेकची पकड सुटू लागते. पुढच्या चाकाला १६० ऐवजी १८० मिलिमीटरची डिस्क लावली तर वाढ होते ती केवळ काही दहा ग्रॅमची. पावसाळ्यात सह्याद्रीच्या लाल चिखलातून सायकल नेणाऱ्याने पॅडही विचारपूर्वक निवडावेत. रेझिनचे पॅड आवाज कमी करतात, परंतु ओल्या मातीत झपाट्याने झिजतात. धातुमिश्रित पॅड अधिक टिकतात.

कार्बनचे हँडल योग्य प्रकारे बसवले तर दीर्घकाळ टिकते. अपघात झाल्यास मात्र आतील इजा बाहेरून दिसत नाही. ॲल्युमिनियमला वारंवार येणाऱ्या ताणाने थकवा येतो आणि काही वर्षांनी तेही बदलावे लागते. दोन्हींचा समान शत्रू म्हणजे अंदाजाने आवळलेला बोल्ट. भागावर छापलेल्या न्यूटन-मीटरच्या आकड्याइतकाच तो आवळावा आणि त्यासाठी टॉर्क रेंच वापरावा.

निर्धास्तपणे कुठे कमी करावे?

जो भाग मोडला तरी शर्यत थांबत नाही, तिथे वजन मोकळेपणाने घटवावे. मुठींचे हलके फोम, बाटलीचे पिंजरे, पेलवत असल्यास हलकी कॅसेट, सुटी म्हणून न्यायची पातळ टीपीयू ट्यूब, हे सारे या गटात येते. पुढे आणि मागे सस्पेन्शन असलेली सायकल फक्त पुढे सस्पेन्शन असलेल्या तत्सम सायकलपेक्षा साधारण दीड-दोन किलो जड असते, म्हणजे अडीच ते सव्वातीन मिनिटांचा फरक. मार्ग गुळगुळीत असेल तर तो वाचवावा. खडकाळ असेल तर तेवढी मिनिटे उतारावर आणि थकव्यातून भरून निघतात.

सर्वात स्वस्त बचत मात्र कोणत्याही दुकानात मिळत नाही. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. मदत केंद्रांची अंतरे आधीच पाहून लागेल तेवढेच पाणी नेले, तर हजारो रुपयांच्या सुट्या भागांइतके वजन विनामूल्य उतरते. उन्हाच्या मार्गावर हा हिशेब अर्थातच सावधपणे करावा.

कीथ बॉन्ट्रेगर या अमेरिकी सायकल निर्मात्याच्या नावावर एक जुना दाखला सांगितला जातो. भक्कम, हलके आणि स्वस्त यांपैकी कोणतेही दोनच गुण एका भागात मिळतात. मॅरेथॉनच्या सायकलबाबत त्यात एक भर घालावी लागेल. कोणते दोन गुण हवेत, हे प्रत्येक भागासाठी वेगळे ठरते. निवड झाल्यावरही कोणताही नवा भाग थेट शर्यतीच्या दिवशी बसवू नये. सरावाच्या दोन-तीन दीर्घ फेऱ्यांत तो तपासून घ्यावा. बिघाड व्हायचाच असेल तर तो घराजवळ, चालत परत येता येईल अशा अंतरावर झालेला बरा.