संगणकातील तारांगण

मुंबईचे नेहरू तारांगण १९७७ साली उघडले आणि त्या शहरातील मुलांना भर दुपारी ध्रुवतारा पाहावयास मिळू लागला. परंतु ज्या गावांपासून असे घुमट शेकडो कोस दूर आहेत, तेथील शाळांनी काय करावे? या प्रश्नाचे एक उत्तर 'स्टेलेरियम' नामक आज्ञावलीत सापडते. फॅबियां शेरो या फ्रेंच संगणकतज्ज्ञाने २००० साली तिचा आरंभ केला. पुढे देशोदेशींच्या अनेकांनी तीत भर घातली. ती विनामूल्य तर आहेच, शिवाय तिची मूळ संहिता वाचण्यास, सुधारण्यास व दुसऱ्यास देण्यास सर्वांस मोकळीक आहे. एका शिक्षकाने ती शेजारच्या शाळेस दिली तर ती चोरी होत नाही, हे मुद्दाम सांगण्याजोगे आहे.

ती संगणकावर बसविण्याचे काम फारसे अवघड नाही. आज्ञावलीच्या अधिकृत संकेतस्थळावरून आपल्या संगणकास योग्य अशी प्रत उतरवून घ्यावयाची, ती उघडावयाची आणि विचारलेल्या दोन-चार प्रश्नांस संमती द्यावयाची. लिनक्स वापरणाऱ्यांस बहुधा त्या प्रणालीच्या भांडारातच ती मिळते. एकदा बसविल्यावर सहा लाखांहून अधिक ताऱ्यांची सूची संगणकातच राहते. मग इंटरनेट नसले तरी अडत नाही. जुन्या संगणकावर मात्र कधी कधी पडदा काळाच राहतो. चित्रे रेखाटणारी त्याची यंत्रणा अपुरी पडते, हे त्याचे कारण. तिची सहायक आज्ञावली अद्ययावत केली की पुष्कळदा काम भागते.

खरी अडचण सुरू होते ती आकाश दिसू लागल्यानंतर! पहिल्या वेळी ही आज्ञावली इंटरनेटच्या आधारे आपले स्थळ ताडून पाहते. तो अंदाज चुकू शकतो. आणि इंटरनेट नसेल तर ती आपल्याला थेट पॅरिसमध्ये नेऊन उभे करते. पडद्यावर तारे असतात, गवत असते, सारे कसे मनोहर दिसते. फक्त ते आकाश आपले नसते. ते पाहून मुले रात्री अंगणात गेली आणि सांगितलेला तारा तेथे नसला, तर त्यांचा विश्वास संगणकावरूनच नव्हे, शिक्षकांवरूनही उडावयाचा. म्हणून सर्वप्रथम 'एफ-६' ही कळ दाबून आपले गाव निवडावे व तेच कायम राहील अशी खूण करावी. घड्याळ व कालविभागही तपासावेत.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवावी. भारतीय प्रमाणवेळ ही साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची वेळ होय. मुंबई त्याच्या पश्चिमेस असल्याने तेथे सूर्य माथ्यावरच्या रेषेत येतो तो सरासरीने बारा वाजून एकोणचाळीस मिनिटांनी. आसामातील दिब्रुगडास तोच अकराच्या पुढे थोड्याच मिनिटांत येतो. पडद्यावर बारा वाजता सूर्य कललेला दिसला म्हणून आज्ञावलीस दोष देऊ नये.

स्थळ बरोबर आहे की नाही, याची परीक्षा अगस्ती करून देतो. फेब्रुवारीच्या मध्यास रात्री नऊ-साडेनऊच्या सुमारास दक्षिणेकडे वळावे. मुंबईत तो क्षितिजाच्या वर सुमारे अठरा अंश दिसला पाहिजे, दिल्लीत जेमतेम नऊ. पॅरिसच्या आकाशात तो कधीच उगवत नाही. पडद्यावर अगस्ती सापडला नाही, तर स्थळ पुन्हा पाहावे. सापडला, तर संगणक अंगणात न्यावा. मात्र 'कंट्रोल' व 'एन' या कळा एकत्र दाबून पडदा लाल करून घ्यावा, म्हणजे अंधाराला सरावलेले डोळे दिपणार नाहीत.