गाडी उचलली, पण नेमकं काय उचललं?

महिंद्राच्या थारला दोन इंचांची लिफ्ट किट बसवा. गाडी रुबाबात उभी राहील, चढताना पाय जरा जास्त उचलावा लागेल. आता पट्टी घेऊन गाडीच्या मागे वाका आणि दोन चाकांच्या मधोमध असलेला डिफरन्शियलचा गोल डबा जमिनीपासून किती वर आहे ते मोजा. आकडा किट बसवण्याआधी होता तोच निघेल. मग पुढे जा आणि पुढचा डिफरन्शियल मोजा. तो मात्र दोन इंच वर गेलेला असेल. गाडी एक, किट एक, खर्च एक, आणि फळ मात्र पुढे वेगळं, मागे वेगळं.

कारण साधं आहे. थारच्या मागच्या बाजूला अखंड ॲक्सल आहे. तो चाकांवर उभा, चाकं टायरवर, टायर जमिनीवर. स्प्रिंग त्या ॲक्सलच्या वर बसते. स्प्रिंग उंच केली की तिच्या वरचं सगळं उचललं जातं, खालचं जागचं हलत नाही. पुढे प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वरखाली होतं आणि डिफरन्शियल चासीला जखडलेला असतो. चासी उठली की तोही उठतो. मारुतीच्या जिप्सीत आणि २०२३ पासून आपल्याकडे मिळणाऱ्या जिम्नीत दोन्ही ॲक्सल अखंड. तिथे किटचा सगळा खर्च केल्यावरही दोन्ही डिफरन्शियल जिथे होते तिथेच राहतात.

मग ते दोन इंच गेले कुठे? गाडीच्या पोटाखाली. भाताच्या शेतातला रुंद बांध ओलांडताना पुढची चाकं पलीकडे उतरतात, मागची अलीकडेच असतात, आणि मधलं पोट बांधावर टेकतं. टेकण्याआधी बांधाचा उतार किती तीव्र चालेल हे दोन गोष्टींवर ठरतं: पोटाची उंची आणि पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर. २०२० साली आलेल्या तीन दारांच्या थारमध्ये हे अंतर २,४५० मिलिमीटर आहे आणि पोट न टेकता चालणारा हा मधला कोन सुमारे २७ अंश. पोट ५० मिलिमीटरने उचललं की त्रिकोणमिती चारेक अंशांची भर घालते. पुढच्या आणि मागच्या बंपरखालचे कोनही वाढतात. लिफ्ट किट उंचीच्या नावाने विकली जाते, पण हाती पडतात ते हे कोन, आणि मोठ्या टायरला लागणारी मोकळी जागा.

मोठा टायर हाच ॲक्सल वर नेण्याचा सोपा मार्ग. त्याचंही गणित करून पाहू. थारचा मूळ २५५/६५ आर १८ टायर सुमारे ७८९ मिलिमीटर उंच. त्याजागी हौशी लोकांचा आवडता, ३३ इंची म्हणून ओळखला जाणारा २८५/७० आर १७ लावला तर उंची ८३१ होते. फरक ४२ मिलिमीटरचा, पण ॲक्सल टायरच्या मध्यावर असतो, म्हणून तो उचलला जातो फक्त निम्मा, २१ मिलिमीटर. बोटाच्या पेराएवढाही नाही! शिवाय टायरचा घेर पाच टक्क्यांनी वाढल्यामुळे स्पीडोमीटर ८० दाखवत असताना गाडी खरंतर ८४ ने पळत असते.

हे सगळं कर्जत-खालापूरच्या जमिनीवर आणून पाहिलं की निवड सोपी होऊ लागते. सह्याद्रीच्या पायथ्याचा हा पट्टा. पावसाळ्यात इथे तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो. उन्हाळ्यात ओढ्यांच्या पात्रात काळ्या बसाल्टचे गोटे उघडे पडतात, जूननंतर शेतवाटांवर ट्रॅक्टरच्या खोल चाकोऱ्या उमटतात. चाकोरीत गाडी उतरली की मधला मातीचा उंचवटा सगळ्यात आधी गाठतो तो मागच्या डिफरन्शियलला, म्हणजे नेमका त्याच डब्याला, जो किटने उचललेला नाही.

आणि इथला चिखल साधा नव्हे, तो मुद्दाम घडवलेला असतो. भातलावणीआधी शेतकरी चिखलणी करतो. पाणी भरलेल्या खाचरात नांगर फिरवून मातीच्या कणांमधली पोकळी मोडून टाकतो, म्हणजे पाणी खाली झिरपणार नाही. ज्या तालुक्याचं नाव कृषी संशोधन केंद्राने भाताच्या वाणांना दिलं, त्या कर्जतमध्ये ही कला पिढ्यान्‌पिढ्यांची. खाचरातल्या त्या जमिनीला वजन पेलायचंच नसतं, पाणी धरायचं असतं. खाचराकडेच्या वाटाही त्याच पाण्याने मऊ झालेल्या असतात. अशा जागी गाडी किती उंच आहे याला फार महत्त्व उरत नाही. जमिनीवर दाब किती पडतो हे महत्त्वाचं.

हा दाब पाहण्यासारखा आहे. पावणेदोन टन वजनाची गाडी, टायरमध्ये ३० पीएसआय हवा. वजनाला दाबाने भागलं की चारही टायर मिळून जमिनीला टेकलेलं क्षेत्रफळ येतं सुमारे ८३० चौरस सेंटिमीटर. एवढी अजस्र गाडी शाळेच्या प्रोजेक्टला वापरतात तशा दीड कागदापेक्षाही कमी जागेवर उभी असते. हवा १८ पीएसआयवर आणली की ही जागा दोन कागदांच्या वर जाते. खर्च शून्य. फक्त डांबरी रस्त्यावर परतण्याआधी हवा पुन्हा भरून घ्यायची, म्हणून डिकीत छोटा कॉम्प्रेसर हवा.

आता स्प्रिंगकडे वळू, कारण किटचा जीव तिच्यात असतो. गाडी दबते तेव्हा कॉइल स्प्रिंगची तार वाकते असं वाटतं. प्रत्यक्षात ती पिळली जाते. कॉइल स्प्रिंग म्हणजे गुंडाळून ठेवलेली एक सरळ सळई, आणि गाडीचं वजन त्या सळईला पीळ देत असतं. पिळाचा कडकपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. १४ मिलिमीटरच्या तारेऐवजी १५ ची घेतली, बाकी सगळं तेच ठेवलं, तर स्प्रिंग जवळजवळ एक तृतीयांशाने कडक होते. एका मिलिमीटरने एवढा फरक! म्हणूनच डोळ्यांना सारख्या दिसणाऱ्या दोन स्प्रिंगांपैकी एक गाडीला मऊ डुलवते आणि दुसरी कण्याला हिसके देते.

चांगल्या किट बनवणाऱ्या कंपन्या एकाच गाडीसाठी निरनिराळ्या भारांच्या स्प्रिंगा देतात त्याचं कारण हेच. दुकानदाराने ‘किती इंच पाहिजे’ याआधी ‘गाडीवर कायमचं वजन किती’ हे विचारायला हवं. समजा स्प्रिंगचा कडकपणा सेंटिमीटरला २५ किलो आहे. पुढे लोखंडी बंपर आणि विंच मिळून ८० किलो चढवले, म्हणजे एका स्प्रिंगवर ४०. गाडी १.६ सेंटिमीटर खाली बसली. विकत घेतलेल्या पाच सेंटिमीटरमधला एक तृतीयांश तिथेच संपला. उलट, जड गाडीसाठीची स्प्रिंग रिकाम्या गाडीला लावली तर गाडी दिसते उंच, पण खड्ड्यात चाक खाली सोडत नाही.

चाक खाली सोडणं हीच ऑफरोडिंगमधली खरी कमाई. बांध तिरका ओलांडताना एक चाक वर चढतं आणि त्याच ॲक्सलवरचं दुसरं खड्ड्यात लोंबतं. साधा डिफरन्शियल अशा वेळी सगळी गती त्या हवेतल्या चाकाला देऊन टाकतो, कारण त्याला अडवणारं कुणी नसतं. टेकलेलं चाक गप्प उभं. म्हणून चाक जितका वेळ जमिनीला धरून राहील तितकी गाडी पुढे जाणार.

इथेच स्वस्तातल्या किटचं बिंग फुटतं. मागच्या स्प्रिंगखाली ५० मिलिमीटरचा ठोकळा, म्हणजे स्पेसर, सरकवला आणि शॉकअप मूळचाच ठेवला असं धरू. शॉकअपची एकूण चाल २०० मिलिमीटर. आधी गाडी मध्यावर उभी होती, चाकाला १०० वर जायला आणि १०० खाली यायला. आता गाडी ५० ने उठली, शॉकअप तेवढा आधीच ताणला गेला. खाली यायला उरले फक्त ५०. उंची वाढली आणि जमिनीला धरून राहण्याची क्षमता निम्म्यावर आली. बॉडी लिफ्ट त्याहून वेगळी. त्यात चासी आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे बसतात. सस्पेन्शनला धक्का लागत नाही, मोठ्या टायरला जागा होते, पण चासीचं पोट तिथेच राहतं. जुन्या पाट्यांच्या गाड्यांत लांब शॅकल, म्हणजे पाट्याचं टोक चासीला जोडणारी कडी, लावायची पद्धत आहे. पाट्याचं एकच टोक उचललं जात असल्याने शॅकल दोन इंचांनी लांब केली की गाडी उठते एक इंच. सर्वांत प्रामाणिक किट ती, जिच्यात स्प्रिंग आणि तिला जुळणारा लांब शॉकअप एकत्र येतात.

शॉकअपचं काम स्प्रिंगला शांत करणं. स्प्रिंग साठवलेली ऊर्जा परत देते, शॉकअप तिची उष्णता करतो. आतलं तेल बारीक छिद्रांतून दाबलं जातं आणि तापतं. तासभर खडबडीत वाटेवर चालवल्यावर त्याला हात लावायचं धाडस करू नका. तेलात फेस झाला तर शॉकअप ढिला पडतो, म्हणून चांगल्या शॉकअपमध्ये नायट्रोजन दाबून भरतात.

उंचीची किंमतही चुकवावी लागते. पुढचा शाफ्ट अर्धा मीटर लांब धरला तर ५० मिलिमीटरच्या लिफ्टने त्याचा कोन पावणेसहा अंशांनी वाढतो. जॉइंट आणि त्याचं रबरी बूट लवकर जातात. कॉइल स्प्रिंग असलेल्या अखंड ॲक्सलच्या गाडीत ॲक्सलला बाजूने धरणारी आडवी पॅनार्ड रॉड वर्तुळात फिरते, त्यामुळे ॲक्सल किंचित बाजूला सरकतो. स्टिअरिंगला सरळ ठेवणारा कॅस्टर कोन कमी होतो आणि हायवेवर गाडी सरळ धरावी लागते. ब्रेकचे होज ताणले जातात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात. शिवाय गुरुत्वमध्य वर जातो. चाकांमधलं आडवं अंतर १,५०० मिलिमीटर आणि गुरुत्वमध्य ७५० वर धरला, तर तो ८०० वर गेल्यावर कलंडण्याची मर्यादा सुमारे सहा टक्क्यांनी घटते. खोपोलीहून खंडाळ्याकडे चढणाऱ्या बोरघाटाच्या वळणांवर हे सहा टक्के जाणवतात.

पाण्याच्या बाबतीत तर उंचीवर विसंबूच नये. कर्जतजवळच्या भिवपुरीला टाटांचं वीजकेंद्र १९२२ पासून आहे. घाटावरचं पाणी तिथे वीज करून पेज नदीत उतरतं. म्हणून पेज उन्हाळ्यातही वाहते, आणि तिची पातळी आभाळाबरोबर वीजनिर्मितीवरही अवलंबून असते. त्यात पाणी स्वतःच गाडी उचलतं! गाडीच्या तळाची अडीच बाय दीड मीटरची फरशी दहा सेंटिमीटर बुडाली की वर ढकलणारा जोर सुमारे ३७५ किलोंचा. थारच्या वजनाचा पाचवा हिस्सा चाकांवरून गेला, आणि त्याबरोबर पकडही. वाहतं पाणी गुडघ्यावर असेल तर गाडी काठावरच ठेवा.

कायदाही डोळ्यांआड करू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत ठरणारा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलाला प्रत्येकी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. अपघातानंतर विमा कंपनी काय म्हणेल तो प्रश्न वेगळाच. किट मागवण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारून घ्या. आणि कर्जत तालुक्यातल्याच माथेरानला जायचं असेल तर गाडी कितीही उंच करा, दस्तुरीच्या पुढे ती जाणार नाही, तिथून पुढे मोटारींना बंदी आहे.

म्हणून कर्जत-खालापूरसाठी निकाल असा. पहिला खर्च चांगल्या टायरवर, प्रेशर गेजवर आणि कॉम्प्रेसरवर. दुसरा पोटाखालच्या जाड संरक्षक प्लेटवर. एवढं झाल्यावरही पोट टेकतच असेल, तरच ४० ते ५० मिलिमीटरची, तुमच्या गाडीच्या वजनाला जुळणारी, स्प्रिंग आणि शॉकअप दोन्ही असलेली किट घ्या आणि बसवल्या दिवशीच अलाइनमेंट करून घ्या. त्याहून उंच किट स्पर्धेच्या गाडीला शोभते, रोज घाट चढणाऱ्या गाडीला नाही. आणि वाट शेताकडेची असेल तर इंजिन बंद करून आधी शेतकऱ्याला विचारा. बांध फुटला तर खाचराचं पाणी जातं, आणि त्याबरोबर त्याचा हंगाम.