दगडूची साक्ष

एका माणसाने आपल्याच दुसऱ्या नावाच्या माणसाला गाठावे आणि त्याच्यापुढे आयुष्याची शिदोरी सोडावी, अशी ‘बलुतं’ या आत्मकथनाची मांडणी आहे. सांगणारा दगडू मारुती पवार, ऐकणारा दया पवार. पहिला तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील धामणगावच्या महारवाड्यातला. दुसरा ‘कोंडवाडा’ (१९७४) या संग्रहामुळे मराठी कवितेत मान्यता पावलेला. १९७८ साली ‘ग्रंथाली’ने हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यातील हे दुभंगलेपण वरवर पाहता लेखनातील एक युक्ती वाटते. वस्तुतः ती अडचणीतून काढलेली वाट होती.

कोंडवाडा म्हणजे भटकी गुरे डांबण्याची जागा. या प्रतिमेतून बोलताना कवीला समूहाचा आधार असतो. तेथे ‘आम्ही’ हा शब्द शोभतो. आत्मकथनाला ‘मी’ लागतो. आणि ‘मी’ म्हटले की बापाचे दारूचे व्यसन, मुंबईत नागपाड्याच्या कावाखान्यातील दाटीवाटीचे जिणे, चिंध्या-कागद गोळा करीत फिरणाऱ्या बायका, मोडलेला संसार आणि त्यातला स्वतःचा कमकुवतपणा, हे सारे ओघानेच येते. सभ्य समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करणे त्या मानाने सोपे. आपल्याच माणसांविषयी आणि आपल्याविरुद्ध साक्ष देणे कठीण. दया पवारांनी ते दगडूच्या तोंडून केले.

शीर्षकातील कडवटपणाही ध्यानात घेण्याजोगा आहे. गावगाड्यात सुताराला, लोहाराला, न्हाव्याला कामाबद्दल धान्याचा जो वाटा मिळे, ते बलुते. महाराच्या वाट्याला मात्र मेलेली गुरे ओढणे, सांगावे पोचविणे, मयताची खबर परगावी नेणे, सरकारी अंमलदारांची सरबराई करणे, अशी अहोरात्र वेठ येई. मोबदल्यात खळ्यावरचे धान्य आणि दारोदार मागितलेली भाकर. या वतनाला गुलामगिरी मानून डॉ. आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक मांडले होते. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा होण्यास १९५८ साल उजाडावे लागले. वतन कायद्याने गेले, वाट्याला आलेले जिणे गेले नाही, हेच या नावात सुचविलेले आहे. हिंदी अनुवादाला ‘अछूत’ हे नाव दिले गेले, त्यात ही सारी व्यवस्था हरवली. उरला तो केवळ स्पर्शाचा प्रश्न.

पुस्तकाचे साहित्यवर्तुळात स्वागत झाले, पण त्यावर नाराजी उमटली ती घरातूनही. नुकत्याच शिकलेल्या, नोकरीला लागलेल्या, चाळीतून वसाहतीत गेलेल्या वर्गाला वाटले, की झाकून ठेवलेले दारिद्र्य चव्हाट्यावर मांडून काय साधले? ही हरकत निव्वळ भित्रेपणाची म्हणून झटकून टाकता येणार नाही. ज्याला नव्या शेजारात मान राखून राहावयाचे आहे, त्याला जुन्या वस्तीची आठवण परवडत नाही. स्वतः पवारही तेव्हा रेल्वेत नोकरी करीत होते. ही ओढाताण त्यांच्या परिचयाचीच होती. म्हणूनच बहुधा पुस्तकातील दया पवार ऐकत राहतो आणि दगडूला थांबवीत नाही.

पुढे १९७९ साली प्र. ई. सोनकांबळे यांचे ‘आठवणींचे पक्षी’, १९८० साली लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’, १९८४ साली शरणकुमार लिंबाळे यांचे ‘अक्करमाशी’ ही आत्मकथने आली. प्रत्येकाने घरातला कोपरा उघडला, आणि प्रत्येकाला घरच्यांच्या नजरेला तोंड द्यावे लागले. पवारांना १९९० साली ‘पद्मश्री’ मिळाली. २० डिसेंबर १९९६ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. ‘बलुतं’ इंग्रजीत येण्यास मात्र २०१५ साल उजाडले. जेरी पिंटो यांनी अनुवाद करताना मूळ मराठी नाव तसेच राखले.