कमानीवर नसलेली आजी

मराठवाडा मुक्तिसंग्रामाची पंचाहत्तरी 2023 साली झाली, तेव्हा आमच्या गावच्या वेशीवर सिमेंटची कमान उभी राहिली. तिच्यावर स्वामी रामानंद तीर्थांचं चित्र आहे, ते हवंच. शेजारी तिघाचौघा हयात पुढाऱ्यांचे फोटो कशाला, हे मात्र कुणी सांगत नाही. भाषणांतला इतिहास 17 सप्टेंबर 1948 ला संपला. आमच्या आजीचा तिथून पुढे होता.

रझाकारांच्या भीतीनं ती पोरं घेऊन निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीला गेली आणि पोलीस ॲक्शननंतर परतली. 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 ला महाराष्ट्र झाला. तिच्या लेखी तलाठी तेवढा बदलला.

बहात्तरचा दुष्काळ म्हटलं की मात्र ती उठून बसायची. मी तेव्हा शाळकरी पोर. पाझर तलावाच्या कामावर पन्नाशीची आजी डोक्यावरून मातीच्या पाट्या वाहायची. मजुरी मापावर आणि माप मुकादमाच्या मर्जीवर. त्या मुकादमाला तिनं मरेपर्यंत शिव्या घातल्या. आता मी घालतो. घरी लाल मिलोची भाकरी, थापतानाच चिरणारी. कामावर सुकडी मिळायची, ती आम्हा पोरांना खाऊ वाटायची. मे 1973 मध्ये राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. वि. स. पागे यांनी मांडलेल्या रोजगार हमीला बळ आलं ते या माणसांमुळे. 1977 मध्ये तिचा कायदा झाला. तिच्या खर्चासाठी 1975 पासून नोकरदारांवर व्यवसायकर बसला, तेव्हा पुण्याचे आमचे एक नातेवाईक म्हणाले, “आमच्या पगारावर आळशी पोसताय.” जन्मात त्यांनी पाटी उचलली नव्हती. पुढं सुट्टीत आले की हुरडा मात्र आमच्याकडेच खायचे.

बहात्तरला धान्य नव्हतं, पण आमच्या विहिरीच्या तळाशी पिण्यापुरतं पाणी होतं. 2016 ला धान्य होतं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. मधल्या काळात ऊस वाढला, कारखाने वाढले, बोअर खोल गेले. आजीनं माती वाहिलेला तलाव गाळानं निम्मा भरलाय आणि उरलेल्यात कुणीतरी मोटारी टाकल्यात.

त्या भरावावर आजीचं नाव नको. कमानीसाठी वर्गणी काढणाऱ्यांनी येत्या उन्हाळ्यात तलावातला गाळ काढावा. वाहायला माझा ट्रॅक्टर देतो, डिझेलही माझंच.