प्लाझ्मा कटिंग यंत्राची सुरक्षित देखभाल : एक विवेचन

प्रस्तावना :
लोखंडी पत्रा कापण्यासाठी आपल्याकडील कारखान्यांत दीर्घकाळ ऑक्सिजन-ॲसिटिलीनची ज्योत वापरली जात असे. स्टेनलेस स्टील व ॲल्युमिनियम या धातूंपुढे मात्र ही ज्योत निष्प्रभ ठरते. या अडचणीतून १९५० च्या दशकात अमेरिकेत प्लाझ्मा कटिंगचे तंत्र विकसित झाले. आज महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींमधील लहान फॅब्रिकेशन वर्कशॉपमध्येही हे यंत्र दिसते. यंत्र आले, परंतु त्याची देखभाल कशी करावी याचे ज्ञान त्याच गतीने आले, असे म्हणता येत नाही. माहितीपुस्तिका बहुधा इंग्रजीत असते आणि यंत्र हाताळणारा कामगार मराठीत विचार करीत असतो. ही दरी कशी धोकादायक ठरते व ती कशी भरून काढता येईल, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

यंत्राचे कार्य :
प्लाझ्मा ही पदार्थाची चौथी अवस्था होय. वायूला पुरेशी ऊर्जा मिळाली म्हणजे त्याचे आयनीभवन होते व तो विद्युतवाहक बनतो. टॉर्चमधील इलेक्ट्रोड व कापावयाचा धातू यांच्यामध्ये विद्युत चाप निर्माण होतो. नोझलच्या अरुंद छिद्रातून जाताना हा चाप आवळला जातो आणि त्याचे तापमान सुमारे २०,००० अंश सेल्सिअसच्या घरात पोहोचते. त्या उष्णतेने धातू वितळतो व वायूचा झोत वितळलेला रस खाली उडवून लावतो.

धोक्याचे मूळ – वेल्डिंगची सवय :
या यंत्रावर काम करणारा कामगार बहुधा वेल्डिंगचे काम शिकून आलेला असतो. वेल्डिंग यंत्राचा भाररहित विद्युतदाब साधारणतः १०० व्होल्टच्या आत असतो आणि तेथे यंत्र चालू ठेवूनच हातमोजा घालून इलेक्ट्रोड बदलण्याची रीत आहे. प्लाझ्मा यंत्रात हाच दाब २०० ते ४०० व्होल्ट एवढा व एकदिश असतो. म्हणजेच जी कृती एका यंत्रावर नित्याची आहे, तीच दुसऱ्या यंत्रावर प्राणघातक ठरू शकते. प्रस्तुत लेखकाने एका वर्कशॉपला भेट दिली असता, टॉर्चची टोपी सैल होताच वीज तोडणाऱ्या सुरक्षा स्विचची दोन टोके तारेच्या तुकड्याने जोडून टाकलेली आढळली. ‘स्विच सारखा त्रास देतो,’ एवढेच कारण सांगण्यात आले. वस्तुतः तो स्विच त्रास देत नव्हता, तर टोपी नीट बसलेली नाही हे सांगत होता.

देखभालीचे टप्पे :
१) वीज तोडणे : टॉर्चमधील कोणताही भाग काढण्यापूर्वी यंत्र बंद करावे. यंत्राचे आवरण उघडावयाचे असल्यास मुख्य पुरवठाही तोडावा, त्या स्विचला कुलूप लावावे व किल्ली काम करणाऱ्याच्याच खिशात असावी. वीज तोडल्यानंतरही आतील कपॅसिटरमध्ये विद्युतभार साठून राहतो. म्हणून पुस्तिकेत दिलेला वेळ थांबून, मीटरने खात्री केल्यावरच हात घालावा.

२) झिजणारे भाग : हवेवर चालणाऱ्या टॉर्चमध्ये तांब्याच्या इलेक्ट्रोडच्या टोकाशी हाफ्नियम धातूचा ठिपका बसविलेला असतो. प्रत्येक वेळी चाप सुरू होताना व विझताना तो झिजतो व तेथे खळगा पडतो. हा खळगा साधारण १ मिलिमीटरहून खोल झाला, अथवा पुस्तिकेतील मर्यादा ओलांडली, तर इलेक्ट्रोड बदलावा. तसे न केल्यास चाप तांब्याला लागतो. इलेक्ट्रोडसह नोझल जळते व प्रसंगी टॉर्चही निकामी होतो. नोझलचे छिद्र गोल न राहता लंबगोल झाले असल्यास तेही बदलावे.

३) हवा : कॉम्प्रेसरमधून येणारे पाणी व तेल हे टॉर्चचे खरे शत्रू होत. फिल्टरमधील पाणी रोज काढावे. आपल्या पावसाळ्यात ही दक्षता अधिक हवी. काम थांबल्यावर काही सेकंद वाहणारी हवा टॉर्च थंड करण्यासाठी असते. ती घाईने बंद करू नये.

४) जोडण्या व धूळ : अर्थ क्लॅम्प स्वच्छ धातूवर घट्ट बसवावा, केबलला चिरा नाहीत हे पाहावे व यंत्राचे अर्थिंग तपासून घ्यावे. धातूची धूळ विद्युतवाहक असल्याने आतील भाग ठरावीक काळाने, वीज तोडूनच, स्वच्छ करावा.

५) पाण्याचे टेबल : ॲल्युमिनियमच्या कणांची पाण्याशी अभिक्रिया होऊन हायड्रोजन मुक्त होतो. तो पत्र्याखाली साचल्यास स्फोट होऊ शकतो. म्हणून टेबलातील गाळ वेळोवेळी काढावा व पत्र्याखाली वायू साचू न देण्याची व्यवस्था करावी.

६) धूर व प्रकाश : स्टेनलेस स्टील कापताना कर्करोगकारक क्रोमियमची संयुगे, तर जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यातून थंडीताप आणणारा धूर निघतो. क्लोरिनयुक्त द्रावकाने पुसलेला पत्रा वाळण्यापूर्वी जवळ आणू नये. चापाच्या अतिनील किरणांमुळे त्या वाफेपासून फॉस्जीन हा विषारी वायू बनू शकतो. धूर ओढून घेणारा पंखा बंद पडला असेल, तर यंत्रही बंद ठेवावे. डोळ्यांसाठी ४० ते ६० अँपिअरला किमान ६ क्रमांकाची, तर ६० ते ८० अँपिअरला ८ क्रमांकाची काच वापरावी.

शिफारशी :
अभियांत्रिकी व व्यवसाय शिक्षण देणाऱ्या संस्थांनी आपल्या परिसरातील वर्कशॉपसाठी वरील टप्प्यांचा मराठी तक्ता तयार करावा. तो यंत्राजवळच, डोळ्यांच्या उंचीवर लावावा. प्रत्येक यंत्रामागे एक नोंदवही असावी व तीत इलेक्ट्रोड बदलल्याचा दिनांक लिहिला जावा. विद्यार्थ्यांना कापण्याचे प्रात्यक्षिक देण्याआधी वीज तोडण्याचे प्रात्यक्षिक द्यावे.

समारोप :
देखभाल म्हणजे यंत्राचे आयुष्य वाढविण्याचा उपाय, एवढाच अर्थ आपण सामान्यतः घेतो. प्लाझ्मा कटिंगच्या संदर्भात ती यंत्रामागे उभ्या असलेल्या माणसाच्या आयुष्याचीही हमी ठरते. तंत्रज्ञान कामगाराच्या भाषेत पोहोचविणे हे भाषेच्या प्राध्यापकाचे तितकेच काम आहे, जितके ते विज्ञानाच्या प्राध्यापकाचे आहे. वर्कशॉपच्या भिंतीवरील एक शुद्ध व सुबोध मराठी तक्ता ही त्या दिशेने केलेली लहानशी, परंतु उपयुक्त सुरुवात ठरेल.